हातचा

त्सिआलाच्या दुकानात, वजनकाट्याच्या मागे,
खिळ्याला एक निळी वही टांगलेली असते.
कुताइसीतल्या आमच्या गल्लीत ती सगळ्यांना ठाऊक आहे
आणि सगळेच तिच्याकडे न बघता पाव मागतात.

मीही मागायचो.
"लिहून ठेवा,"
तेही दाराकडे वळता वळता,
जणू पाकीट खोलीवर राहिलंय.
उसनं अवसान फुकट मिळतं,
त्याची नोंद वहीत होत नाही.

पहिल्या तारखेला बारीहून आईचे पैसे यायचे.
पहिल्या तारखेला मी जमीनदार.
चौघांना खाचापुरी, वर तारखुनाचं हिरवंगार सरबत,
माल्खाझला वाढदिवसाचे बूट, त्याने न मागता.
नवव्या तारखेला एका पुडीत दोन चहा.
पंधराव्याला खिळा.

नोव्हेंबरात माल्खाझ म्हणाला, वेडा आहेस,
फोनवर चार मिनिटांत दोनशे लारी मिळतात.
(त्याने तीनदा घेतले होते. तिन्ही वेळा
कुठल्याशा परदेशी संघाचा गोलकीपर आडवा आला.)
मी रात्री पांघरुणात फॉर्म भरला.
नाव. जन्मतारीख. खोलीचा पत्ता.
उत्पन्नाचं साधन: पगार, पेन्शन, व्यवसाय, इतर.

मी 'इतर' दाबलं.
मग बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिलो.
पहाटे चारला उठून कुणाची तरी कूस बदलणारी,
दुसऱ्याच्या बापाला चमच्याने सूप भरवणारी,
इतर.
फोनचा उजेड आपोआप विझला.
मी तो परत लावला नाही.

सकाळी म्हणालो, "माझं पान दाखवता?"
त्सिआलाने चष्मा शोधला, वही काउंटरवर ठेवली.
डोक्यावर माझं नाव नव्हतंच.
'तिसरा मजला, आई इटलीत.'
खाली: पाव. पाव. दोन सुट्या सिगारेटी. पाव.
कोला. मेणबत्त्या. पाव. सॉसेज. कोला. कोला.
माझे दोन महिने तिच्या वाकड्या अक्षरात
एकाखाली एक उभे होते.
मला वाटलं होतं तीसेक लारी असतील.
सत्त्याऐंशी, आणि वर चाळीस तेत्री.

"अक्षर लागतंय ना?" तिने विचारलं. बाकी काही नाही.
मी म्हटलं, एक पेन्सिल द्या.
"साठ तेत्री. लिहू?"
"नको," म्हणालो, आणि सगळे खिसे उलटे केले.

लहानपणी आई टेबलावर राजमा मांडून बेरीज शिकवायची.
नऊ आणि चार तेरा. तीन इथे लिही,
हातचा एक, पुढच्या घरात.
मी नेहमी हातचा विसरायचो.
मी बारा वर्षांचा असताना ती बसमध्ये चढली.
हातचा एक,
पुढच्या घरात:
बारी, चौथा मजला, लिफ्ट बंद.

आता माझी वही वेगळी, दोन रकान्यांची.
शनिवारी बाजारात बटाट्याची पोती उतरवतो,
पाठीला सोमवारपर्यंत हिशेब आठवतो.
एकदा सरबत प्यायलो, तेही लिहिलं.
माल्खाझ म्हणतो, तू म्हातारा झालास.
म्हणतो, आणि माझ्याच पातेल्यातला लोबिओ खातो.
तेही लिहिलंय. त्याला सांगितलेलं नाही.

काल तेवीस तारीख. आईचा फोन.
"पैसे आहेत ना?"
दरवेळी मी 'आहेत' म्हणायचो.
काल म्हणालो, "अकरा लारी, वीस तेत्री."
पलीकडे म्हातारा खोकला. कुठेतरी नळ बंद झाला.
"आणि वहीत किती?"

वहीबद्दल मी तिला कधीच बोललो नव्हतो.
पण तिच्याही गल्लीत, तिच्याही वेळी,
वजनकाट्यामागे एक खिळा असणारच.

"एकतीस," मी म्हणालो.
"बरं," ती म्हणाली. "बरं. जेवलास का?"